म्हाताऱ्यांची नागवण



स्मृतिस्थळातील केशोबासांचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. केशिराज व्यास हे संस्कृताचे मोठे जाणते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे निरूपण आपण संस्कृतात ग्रथित करावे, अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली. इच्छा निर्मळ होती. विद्वज्जनांत मान्यता पावायची तर त्या काळी संस्कृतावाचून गती नव्हती. परंतु श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले, आणि जे कारण दिले ते व्याकरणाचे नव्हते, पांडित्याचे नव्हते, मार्गाच्या कीर्तीचेही नव्हते. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, एवढेच ते कारण होते.

आपण हा प्रसंग सांगतो तो बहुधा मराठीच्या अभिमानाने. तो अभिमान रास्तच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. अशा प्रत्येक वेळी आचार्यांचे ते वचन आपल्याला आठवते. पण प्रवचनकार म्हणून इतकी वर्षे मीही हा प्रसंग भाषेकडूनच सांगत आलो, याची आता मला थोडी लाज वाटते. आचार्यांच्या मुखातील चिंता मुळात भाषेची नव्हती. ती म्हाताऱ्यांची होती. भाषेचा निर्णय त्या चिंतेतून निघाला.

'नागवणे' हे क्रियापद मोठे कठोर आहे. वाटमारे नागवतात, सावकार नागवतो. केशोबास यांपैकी कोणीही नव्हते. त्यांच्या हातून कोणाच्याही अंगाला धक्का लागणार नव्हता. त्या वृद्ध स्त्रियांचे जे होते ते, त्यांना कळेल अशा वाणीतून, कळणार नाही अशा वाणीत गेले असते, आणि आपले काय गेले हे कदाचित त्यांना उमगलेही नसते. आपल्याच माणसाकडून, सद्हेतूने, आवाज न होता घडणारी अशी हानी आचार्यांनी ओळखली, तिला नागवणे हे नाव दिले, आणि ती घडण्यापूर्वीच अडविली. म्हाताऱ्यांनी येऊन गाऱ्हाणे करावे, मग पाहू, असे ते म्हणाले नाहीत.

आज आपल्या घराघरांतून वृद्धांचा जो छळ होतो, त्याचे स्वरूप पुष्कळसे असेच आहे. 'छळ' म्हटले की काठी, शिवी, घराबाहेर काढणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. तेही घडते. परंतु त्याच्या अगोदर कितीतरी दिवस लहान लहान नागवण चाललेली असते. चष्मा फुटला तो दुरुस्त होत नाही. कानातले यंत्र बिघडले, 'आता या वयात काय ऐकायचे आहे' म्हणून कपाटात पडले. जेवण घरच्यांबरोबर होते ते मागाहून होऊ लागले, मागाहूनचे ओसरीवर आले, ओसरीवरचे पडवीत गेले. बोलण्याचे विषय संपले. भेटायला येणाऱ्याला 'त्या झोपल्या आहेत' असे दारातूनच सांगण्यात येऊ लागले. कोणत्याही एका दिवशी 'आज छळ सुरू झाला' असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे, की साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला एका वर्षात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. आज ती त्याहून पुष्कळ अधिक आहेत. हा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. मी येथे एकाच माणसाची गोष्ट सांगतो, कारण त्यात माझा दोष आहे.

वऱ्हाडातील एका गावी काही वर्षांपूर्वी माझा मुक्काम होत असे. तेथील एका संपन्न घरी भिक्षेस गेलो, की झोळीत ताजी, गरम भाकरी पडे. घरचे लोक श्रद्धाळू. दंडवत घातल्यावाचून भिक्षा वाढीत नसत. त्या घराच्या पडवीत, कडब्याच्या शेजारी, एक वृद्ध गृहस्थ बसलेले असत. त्यांच्यापुढे जर्मनचे ताट असे आणि त्या ताटात सकाळच्या प्रहरी जी भाकरी असे, ती आदल्या दिवशीची आहे हे दुरूनही दिसे. त्यांच्या हाताला कंप होता. पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला.

एकदा मी थांबून विचारले, 'दादा, प्रकृती कशी आहे?' त्यांचा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. वृद्ध गृहस्थांनी एकवार मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, 'सगळं ठीक आहे, बाबा.' मी ते उत्तर घेतले आणि पुढच्या घरी गेलो. ती गरम भाकरी मी त्या दिवशी नामस्मरण करून खाल्ली.

पुढच्या खेपेस पडवी रिकामी होती. 'धाकट्याकडे गेले' असे सांगण्यात आले. मी पुढे चौकशी केली नाही. दीड वर्षाने आपल्याच एका तीर्थस्थानी, यात्रेच्या गर्दीत, पंगतीच्या कडेला मला ते दिसले. यात्रेला म्हणून आणले होते आणि यात्रा संपवून घरची मंडळी परत गेली होती. तेथील भिक्षुकांनी त्यांना ठेवून घेतले होते. मी ओळख दिली. ते म्हणाले, 'मुलगा येतो आहे न्यायला. सगळं ठीक आहे.'

त्या दिवशी मला कळले, की हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आले तेव्हाच मी चुकलो होतो. ज्याच्या हातात आपले अन्न आहे, तो शेजारी उभा असताना कोणता वृद्ध खरे बोलेल? मी प्रश्न विचारला होता, पण उत्तर मिळण्याजोगी जागा त्याला दिली नव्हती. त्यांच्याजवळ पडवीत जाऊन बसलो असतो, 'मला जरा पाणी द्या' म्हणून मुलाला आत पाठविले असते, तांब्या उचलून जवळ ठेवला असता, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो असतो, तर कदाचित तिसऱ्या दिवशी काही बोलणे निघाले असते. वृद्धांना एकांतात भेटणे आणि पुन्हा पुन्हा भेटणे, यावाचून काही कळत नाही. शिवाय पहिल्याच भेटीत ते आपल्या मुलाविरुद्ध बोलत नाहीत. का बोलत नाहीत, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. मुलगा वाईट निघाला हे कबूल करणे म्हणजे आपलेच आयुष्य फुकट गेले हे कबूल करणे, असे त्यांना वाटते. आणि उद्या आपण निघून जाऊ, त्यांना रात्र त्याच घरात काढायची असते.

येथे आपल्यातील काही साधुजन शंका उपस्थित करतील. ते म्हणतील, आचारमार्गात आप्तसंबंधांचा त्याग सांगितला आहे. ज्याने स्वतःचे घर सोडले त्याने दुसऱ्याच्या घरातील भांडणात का पडावे? भिक्षुकाने दार पाहावे, भिक्षा घ्यावी, पुढे जावे.

या शंकेस मान देऊन सांगतो. संबंधत्याग सांगितला तो माझ्या चित्तात ममत्वाची गाठ पडू नये म्हणून. 'हे माझे' ही बुद्धी सुटावी म्हणून. दुसऱ्याचे दुःख डोळ्यांपुढे असताना डोळे मिटण्याची मोकळीक त्यातून निघत नाही. उलट, ज्याला त्या घरच्या शेतात वाटा नको, ज्याची त्या घरात सोयरीक नाही, तोच तेथे निःस्पृहपणे दोन शब्द बोलू शकतो. गावात इतर सगळे कोणाच्या ना कोणाच्या बाजूचे असतात. भिक्षुक तेवढा कोणाच्याच बाजूचा नसतो. शिवाय भिक्षेसाठी तो दररोज प्रत्येक दारी जातो, आणि नेमक्या जेवणाच्या वेळी जातो. घरात कोणाच्या ताटात काय पडते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला दिसते? कचेरीत अर्ज करणे, साक्षी देणे ही कामे भिक्षुकाने अंगावर घेऊ नयेत हे मला मान्य आहे. पण जे दिसले ते गावातील एखाद्या विवेकी वासनिकाच्या कानावर घालणे, एवढे तर करता येते? मी तेवढेही केले नाही.

दुसरी शंका गृहस्थांकडून येते आणि ती अधिक घातक आहे. 'ज्याचे त्याचे कर्म. म्हातारीने सुनेला छळले होते, आता ती भोगते आहे.' ही भाषा आपल्या मार्गात वावरणाऱ्या माणसाच्या तोंडून आली की फार शास्त्रशुद्ध वाटते. जीव आपले कर्मफळ भोगतो, हे खरेच आहे. परंतु ते फळ देण्याचे काम सुनेकडे कोणी सोपविले? आणि पाहणाऱ्या शेजाऱ्याकडे ते पाहत राहण्याचे काम कोणी सोपविले? दुसऱ्या जीवाच्या मनाला दुःख देणे हीसुद्धा हिंसा, असे आपण शिकलो. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्यांचा हा मार्ग. त्या मार्गाच्या माणसाने आपल्या शेजारच्या पडवीपुढून मान वर करून जावे, हे कोणत्या सूत्रात बसते? म्हातारीने पूर्वी काय केले हा तिचा हिशेब. तिच्यापुढून मी कसा गेलो हा माझा.

तथापि, सुनेवर दोष ढकलून मोकळे होण्याची आपली सवयही मला मान्य नाही. येथे रिद्धपुराचे स्मरण करतो. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर नागदेवाचार्य भक्तजनांसह रिद्धपुरी आले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत अनेक वर्षे राहिले. श्रीप्रभूंच्या लीळा आपण ऐकतो. क्षणात कोप, क्षणात हास्य. मागितलेले टाकून द्यावे, न मागितलेले हिसकावून घ्यावे. कोठेही जावे, कोठेही बसावे. सेवकांना केव्हा बोल लागेल, केव्हा मार लागेल, याचा नेम नसे. एक गोष्ट स्पष्ट करतो. ती परमेश्वराची लीळा होती, आणि आपल्या घरातील वृद्धाचा विसराळूपणा वा संताप हा व्याधीचा भाग असतो. या दोहोंची तुलना मला करायची नाही. मला पाहायचे आहे ते सेवा करणाऱ्यांकडे. ती सेवा कोणी एकट्याने केली काय? आबाइसा होत्या, महदाइसा होत्या, भटोबास होते, इतर भक्तजन होते. एकाने स्नानाचे पाहिले, दुसऱ्याने भोजनाचे. एकाला बोल लागला तर दुसरा पुढे झाला. एवढ्या थोर अधिकाराच्या मंडळींनाही ती सेवा मिळूनच करावी लागली.

आज आपण काय करतो? अंथरुणास खिळलेल्या सासूचे सर्व काही एका सुनेवर टाकतो. रात्री तीनदा उठणे, अंथरूण बदलणे, तोच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकणे, आणि पुन्हा शेतावर वा कामावर जाणे. सहा महिन्यांनी तिचा हात उठतो. तो उठू नये हे खरेच. पण त्या सहा महिन्यांत तिच्याकडे कोण गेले होते? नणंदा सणाला येऊन 'आईचे केस विंचरलेले नाहीत' एवढे सांगून गेल्या. ज्या शेजारणीने आठवड्यातून एक दुपार 'तू जरा नीज, मी बसते आजींपाशी' असे म्हटले, तिने दोघींचेही रक्षण केले. वृद्धांचा छळ टाळण्यासाठी सामान्य माणसाने काय करावे, असे कोणी मला विचारले, तर हे मी सर्वांत आधी सांगेन. यास पैसा लागत नाही, अधिकार लागत नाही, आणि कोणाशी वैरही होत नाही.

आपल्या आश्रमांना तर याची फार सोय आहे. प्रत्येक आश्रमात सायंकाळच्या आरतीस, पारायणास नित्य येणारी वृद्ध मंडळी असतात. महंतांनी कोण आले हे पाहावे, तसेच कोण आले नाही हेही पाहावे. नित्य येणारी आजी आठ दिवस दिसली नाही तर तिच्या मुलाकडे निरोप विचारू नये. देवाला दाखविलेल्या उपहाराचा वाटा घेऊन कोणीतरी तिच्या घरी जावे आणि 'हा त्यांच्याच हाती द्यायचा आहे' असे म्हणावे. देवाघरचा वाटा घेऊन आलेल्यास दारातून परत पाठविण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही. आत गेल्यावर डोळे उघडे ठेवावेत. अंगावर जुने-नवे वळ आहेत काय, अंथरूण ओले आहे काय, खोलीला बाहेरून कडी लावण्याची व्यवस्था आहे काय, औषधाच्या पुड्या जशाच्या तशा पडल्या आहेत काय. लगेच आरोप करू नये. म्हातारपणी कातडी पातळ होते, नुसत्या धक्क्यानेही काळेनिळे पडते. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.

आता धनाच्या नागवणुकीकडे वळतो. कारण तेथे आचार्यांचा शब्द अक्षरशः लागू पडतो.

श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना राज्याकडून निवृत्तिवेतन मिळते. २०२३ साली ते दरमहा पंधराशे रुपये झाले. रक्कम खात्यात जमा होते आणि गावात आलेल्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकवून काढता येते. सोय चांगली आहे. पण अंगठा आजीचा, आणि नोटा घेणारा हात नातवाचा, असे दृश्य कोणत्या गावात दिसत नाही? 'आजी, अंगठा लागला नाही, पुन्हा लाव' असे म्हणून दोनदा रक्कम काढल्याचेही मी ऐकले आहे. येथे बँक मित्राने वा घरी येणाऱ्या पोस्टमनाने एवढेच करावे : किती रुपये निघाले ते आजीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे, आणि नोटा तिच्याच तळहातावर मोजाव्यात. पुढे तिने त्या नातवाला दिल्या तर तो तिचा आनंद. पण आपल्या हातून दिले आणि आपल्या नकळत गेले, यांत दान आणि नागवण एवढे अंतर आहे.

जमिनीच्या कागदांचे प्रकरण याहून मोठे. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील भेद आपल्या वृद्धांना कोणी समजावून सांगत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणानंतर अमलात येते आणि तोवर ते केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले गेले की मालकी तत्काळ जाते, आणि दिलेले परत मिळविणे फार कठीण. 'मागून भांडणे नकोत' म्हणून जो बाप हयातीतच सर्व लिहून देतो, त्याच्याजवळ पुढे केवळ मुलाचा चांगुलपणा शिल्लक राहतो. चांगुलपणा पुष्कळदा पुरतो. पण तो न पुरल्यास काय, याचा विचार सही करण्यापूर्वीच व्हावयास हवा.

संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. त्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. अट मात्र असावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट दिसत नाही म्हणून एका आईच्या विरुद्ध निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील दुसऱ्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द करून तिला तिचे घर परत दिले. हा कायदा वृद्धांच्या हिताचा म्हणून उदारपणे वाचला पाहिजे, असे त्या वेळी न्यायालयाने म्हटले. दोन्ही निर्णयांतून साध्या माणसाने घ्यावयाची गोष्ट अशी, की जे बोलून ठरले आहे ते कागदात लिहून घ्यावे. 'अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहावयास जागा देण्याच्या अटीवर' हे शब्द लिहिल्याने प्रेम कमी होत नाही.

चरितार्थासाठी याच कायद्याखाली अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपण ज्याला प्रांत म्हणतो त्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्यापुढे चालते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित असतो, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरविता येते, आणि वकील असावाच लागतो असे नाही. अपत्य नसलेल्यांना, ज्या नातेवाईकाकडे आपली मालमत्ता आहे वा जो तिचा वारस होणार, त्याच्याकडूनही चरितार्थ मागता येतो. स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असलेल्या वृद्धाने अधिकार दिल्यास दुसरा कोणी त्याच्या वतीने अर्ज करू शकतो. वासनिकांनी हे कलम विशेष ध्यानात ठेवावे. सांभाळण्याची जबाबदारी असताना वृद्धास टाकून देणे हा तर गुन्हाच आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, वा दोन्ही शिक्षा आहेत. त्या तीर्थस्थानी पंगतीच्या कडेला उभा असताना मला यांतील काहीच ठाऊक नव्हते. वृद्धांसाठी १४५६७ हा साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक आश्रमाच्या भिंतीवर, पंचांगाशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, अशी महंतांस विनंती आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली, आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती आईवडिलांस देण्याचा ठराव केला. एका जिल्हा परिषदेस जे सुचले ते आपल्या पंचमंडळींस सुचावयास हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट लिहावी की न लिहावी, असा विचार बराच केला. लिहितो. वृद्ध स्त्रिया, विशेषतः निपुत्रिक विधवा, आपले शेत वा घर आश्रमास अर्पण करतात. ते दान श्रद्धेचे असते. पण ते स्वीकारताना 'बाई, हे दिल्यावर तुम्ही राहणार कोठे, जेवणार काय, आजारी पडल्यास पाहणार कोण' हे तीन प्रश्न विचारल्याची उदाहरणे मला थोडीच आठवतात. दुसऱ्या घरच्या पुतण्यास आपण जे विचारतो ते स्वतःस आधी विचारावे. त्याचप्रमाणे आपल्या आश्रमांतील वृद्ध तपस्विनींचे. ज्यांनी चाळीस वर्षे झाडलोट केली, स्वयंपाक केला, त्या थकल्यावर त्यांची खोली कोणती, त्यांच्या दृष्टीवर शस्त्रक्रिया झाली की राहिली, हे आपल्यालाच ठाऊक असले पाहिजे. आचार्य 'माझिया म्हातारिया' म्हणाले. ते 'माझिया' फार महत्त्वाचे आहे.

मागील वर्षी आपल्या एका उपदेशी गृहस्थांकडून ऐकलेली हकीकत सांगतो. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या शेजारी राहणारी एक वृद्ध विधवा पुतण्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत निघाली, तेव्हा तिने 'गुरुजी, तुम्हीही चला' असे म्हटले. पुतण्यास ते आवडले नाही, पण तो नको म्हणू शकला नाही. कागद तयार होते. त्यांतील भाषा मराठीच होती. पण कचेरीची मराठी अशा आजीला संस्कृताहून जवळची असते असे नाही. अंगठ्याची शाई पुढे येण्यापूर्वी गुरुजी म्हणाले, 'आजी, मी हे एकदा मोठ्याने वाचून दाखवू का?' बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी ते हळूहळू वाचले. जेथे शब्द अवघड आला तेथे थांबून सोपा करून सांगितला. पुतण्या दोनदा म्हणाला, 'साहेब जेवायला जातील.' यापुढे या शेतावर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही, या आशयाच्या ओळीपाशी आजीने हात वर केला.

'थांबा, गुरुजी. हा तर म्हणाला होता, पीककर्जासाठी सही लागते.'

कोणी काही बोलले नाही. पुतण्या खिशात काहीतरी शोधू लागला. आजीने पदर सावरला, बाकावर नीट बसली आणि म्हणाली, 'आता पुन्हा पहिल्यापासून वाचा. आणि तूही बस रे इथे, ऐक.' गुरुजींनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास आरंभ केला.